महिरपी कंसातला केक

सभेत माणसाने हात वर करू नये. डोकं खाजवायचं असलं तरी बाहेर जाऊन खाजवावं. हे शहाणपण मला सदुसष्टाव्या वर्षी आलं, तेही हात वर करून झाल्यावर.

आमच्या टॅलोना गावच्या शेतकी प्रदर्शनाची ती कमिटीची सभा होती आणि विषय एकच होता: नियमपत्रिका. गावातला छापखाना बंद पडला होता आणि पत्रिकेशिवाय आमच्याकडे प्रदर्शन होऊ शकत नाही. कोणत्या वर्गात काय मांडायचं, स्कोन म्हणजे छोटे गोड पाव सहा की आठ, मुरंब्याच्या बाटलीला झाकण कसलं, सगळं त्या पत्रिकेत असतं. वस्तू त्यात बसली नाही तर परीक्षक काही बोलत नाही, त्या वस्तूवर फक्त एक छोटं पांढरं कार्ड ठेवतो: 'नियमपत्रिकेप्रमाणे नाही'. टॅलोनातले लोक घटस्फोट पचवतात, दुष्काळ पचवतात, पण ते कार्ड त्यांना पचत नाही. १९९८ साली माझ्या कांद्यांवर ते पडलं होतं. सहा कांदे हवे होते, मी सात मांडले होते. मी नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचो, म्हणजे आकड्यांवर पोट असलेला माणूस. माझा मेव्हणा मला अजून 'सात कांदे' म्हणूनच हाक मारतो.

कदाचित तो डाग धुऊन काढावा असं मनात असेल. मी हात वर केला आणि म्हणालो, "पत्रिका आपण इंटरनेटवर टाकू. मी करतो."

सेक्रेटरी थेल्मा गेटनबी यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थेल्माबाई चौतीस वर्षं ती पत्रिका काढताहेत. "तुम्हाला येतं, डेसमंड?"

"मी ग्रंथालयात सहा आठवड्यांचा वर्ग केलाय," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, त्यातला एक आठवडा सोडला तर.

झालं होतं असं. वर्गात आम्हाला टेम्प्लेट शिकवलं, म्हणजे साचा. पान एकदाच मांडून ठेवायचं. जिथे वर्गाचं नाव यायचं तिथे दोन-दोन महिरपी कंसांच्या मधे नुसतं 'वर्गाचं नाव' असं लिहायचं. खरी नावं वेगळ्या यादीत ठेवायची. मग एक छोटा प्रोग्राम चालवायचा, तो यादी साच्यात ओततो, कंस जातात आणि ब्राउझरमध्ये खरं पान दिसतं. हा प्रोग्राम चालवायला शिकवला पाचव्या आठवड्यात, आणि पाचव्या आठवड्यात मी मोतीबिंदू काढायला गेलो होतो.

त्यामुळे पुढच्या गुरुवारी मी थेल्माबाईंसमोर नुसताच साचा उघडला. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"कंस कंस वर्गाचं नाव कंस कंस. पहिलं बक्षीस, कंस कंस बक्षीस कंस कंस." मग त्यांनी चष्मा काढला. "डेसमंड, शहाण्णव साली छापखान्याने 'जॅम'च्या जागी 'हॅम' छापलं आणि तीन बाया हॅम घेऊन आल्या. तेही मी निभावलं. पण कंस आम्ही कधी छापले नव्हते."

"हे असं दिसणार नाही. लोकांना नीट दिसेल."

"मग मला लोकांना दिसेल तसं दाखवा. तोपर्यंत डबा मिळणार नाही."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. प्रदर्शनाचे सगळे अठ्ठ्याण्णव वर्ग त्यात थेल्माबाईंच्या हस्ताक्षरात कार्डांवर आहेत. डबा नाही तर यादी नाही, आणि यादी नाही तर पत्रिका नाही. प्रवेशअर्ज फेब्रुवारीअखेर बंद होणार होते. सगळं गाव माझ्या भरवशावर बसलं होतं आणि मला पान कसं दाखवायचं हेच माहीत नव्हतं.

शेजारच्या क्लाइव्ह हॅड्रिकला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला सांगावं लागत नाही. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता निवृत्त झाल्यावर कुंपणावर कोपर टेकून गावाची दुरुस्ती करतो.

"तुझा तो प्रोग्राम चालत नाही म्हणे."

"चालतो. मला चालवता येत नाही."

"बंद करून परत लावलास?"

"क्लाइव्ह, तो अजून लागलेलाच नाही."

"मग आधी लाव," क्लाइव्ह म्हणाला, आणि एखादं अवघड ऑपरेशन पार पाडल्यासारखा चहा प्यायला घरात गेला.

मी लावला. चार दिवस लागले. पहिल्या दिवशी प्रोग्राम म्हणाला, फाइल सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सापडली पण आवडली नाही. तिसऱ्या दिवशी एक कंस कमी पडला म्हणून त्याने अख्खं पान कोरं ठेवलं, आणि तो कंस शोधायला मी आणि माझी बायको नोएलीन भिंग घेऊन बसलो. चौथ्या दिवशी पान दिसलं. साच्यात काही बदलून फाइल ठेवली की ब्राउझरमधलं पान आपोआप बदलायचं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी नोएलीनला स्वयंपाकघरातून ओढत आणलं आणि मथळा अकरा वेळा निळ्याचा हिरवा करून दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "माझ्या फोनवर बक्षिसांचा रकाना कडेवरून खाली पडलाय."

तो वर चढवण्यात आणखी दोन दिवस गेले.

आता यादी. डबा मिळेपर्यंत साच्यात ओतायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी बारा वर्ग मनानेच रचले. जाणते लोक त्याला नमुना यादी म्हणतात. त्यात एक नाव अगदी छोटं घ्यावं आणि एक खूप लांब, म्हणजे पान फाटतं का ते कळतं. छोटं होतं 'अंडी'. लांब असं होतं: 'वर्ग ९९. सर्वांत जास्त बसलेला स्पंज केक. बदकाची अंडी चालतील. जॅम किंवा क्रीम भरून खड्डा लपवू नये. खोली पट्टीने मोजण्यात येईल.' लिहून झाल्यावर मी एकटाच हसलो. एकट्याने हसायला येतं तेव्हाच माणसाने सावध व्हावं.

पान तयार झालं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता मी नीट उतरवून घेतला आणि कमिटीच्या अकराही जणांना पाठवला: लोकलहोस्ट, पुढे दोन टिंबं, पुढे तीन हजार. पाच मिनिटांत फोन वाजला.

"इथे काही नाही," थेल्माबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे दिसतंय."

"माझ्याकडे लिहून आलंय की इथे पोचता येत नाही."

मी ग्रंथालयाच्या वर्गात मिळालेलं पुस्तक उघडलं, वाचलं आणि माझे कान गरम झाले. "थेल्माबाई, या पत्त्याचा अर्थ 'हेच घर' असा होतो. म्हणजे जो उघडेल त्याचं स्वतःचं घर. पान माझ्या घरी आहे."

"म्हणजे तुम्ही अकरा लोकांना स्वतःच्याच घरी पाठवलंत, आणि वाट पाहताय तुमच्या घरी."

"तसंच म्हणायला हवं."

"मग आम्ही येतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते आले. अकरा माणसं माझ्या घरात पाळीपाळीने कॉम्प्युटरपुढे बसली. डुकरांच्या विभागाचे प्रमुख खुर्चीसकट मागे पडले. नोएलीनने तीन किटल्या चहा केला आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. थेल्माबाईंनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि शेवटी बोट ठेवलं.

"हे नव्याण्णव काय आहे?"

"नमुना आहे. गंमत."

"पुसून टाका. पत्रिकेत गंमत नसते."

"टाकतो," मी म्हणालो.

पण कमिटीला पान पुन्हा आपापल्या घरी बसून, आपापल्या ब्राउझरमध्ये पाहायचं होतं. दोघांचे कॉम्प्युटर इतके जुने होते की ते सुरू करताना घरातले दिवे मंद व्हायचे. इथे क्लाइव्ह कुंपणावरून मदतीला आला. त्याच्या होबार्टच्या पुतण्याला युक्ती माहीत होती: एक ओळ लिहिली की माझ्या घरातल्या पानाला बाहेरचा तात्पुरता पत्ता मिळतो आणि कोणालाही ते पाहता येतं. मी ती ओळ लिहिली, पत्ता सगळ्यांना पाठवला, क्लाइव्हलाही पाठवला. सगळ्यांना पान दिसलं. या वेळी थेल्माबाईंनी फक्त मांडणी पाहिली, यादी पुन्हा वाचली नाही. रविवारी थेल्माबाईंनी डबा स्वतः आणून दिला आणि "बरं झालंय" असं म्हणाल्या. चौतीस वर्षांत त्यांनी हे कोणाला म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

मी खरे अठ्ठ्याण्णव वर्ग भरले आणि खरं पान खऱ्या पत्त्यावर चढवलं. आनंदाच्या भरात तो तात्पुरता पत्ता बंद करायचा राहिला आणि नमुना यादीही पुसायची राहिली. नोएलीनच्या शिवणयंत्रामागे माझा कॉम्प्युटर ते जुनं पान जगाला इमानेइतबारे दाखवत राहिला.

अर्ज यायला लागले. मी ते एकेक करून कॉम्प्युटरवर चढवत होतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक अर्ज पेन्सिलीने लिहिलेला आला. प्रोग्राम म्हणाला: वर्ग ९९ सापडत नाही. मी अर्ज पाहिला. नाव होतं आयव्ही स्पॉल्डिंग.

आयव्हीबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि नदीपलीकडे एकट्या राहतात. साध्या स्पंज केकचं पहिलं बक्षीस, म्हणजे निळी फीत, त्यांनी एकोणीस वेळा घेतली होती. मग अकरा वर्षांपूर्वी त्यांनी प्रदर्शनात येणंच सोडलं. का, ते कोणी विचारलं नाही. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही.

मी कुंपणाशी गेलो. "क्लाइव्ह, आयव्हीबाईंना पत्रिका कोणी दिली?"

"मी," क्लाइव्ह खुशीत म्हणाला. "सरपण द्यायला गेलो होतो. म्हटलं म्हातारीला कळणार कसं, म्हणून ग्रंथालयात छापून घेतली. मोठ्या अक्षरात."

"कोणत्या पत्त्यावरून?"

"तू पाठवलेल्या. दुसरा कुठला आहे?"

मी लगेच गाडी काढली. वाटेत वाक्य घोकलं: आयव्हीबाई, एक छोटीशी चूक झालीय. वाक्य सोपं होतं. त्यांनी दार उघडलं तेव्हा एप्रनवर पीठ होतं. टेबलावर सात स्पंज केक ओळीने मांडले होते आणि सातही मधोमध बसलेले होते. शेजारी शाळेतली लाकडी पट्टी होती.

"ये डेस. हा बघ, पावणेदोन इंच," त्यांनी चौथ्या केककडे बोट दाखवलं. "पण आकार वेडावाकडा आलाय. परीक्षक आकार बघतील का रे?"

"आयव्हीबाई," मी सुरुवात केली.

"बस आधी. हे मनगट आता अंडी फेटायला साथ देत नाही. अकरा वर्षं झाली, एकही धड फुगत नाही. तिकडे मांडून सगळ्यांसमोर हसं कशाला करून घ्यायचं, म्हणून आलेच नाही. मग क्लाइव्हने तो कागद आणला." त्यांनी एप्रनला हात पुसले. "मी दोनदा वाचला. म्हटलं, चला, कोणाला तरी आमची आठवण झाली. बसलेल्या केकवाल्यांची."

घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, सात कांद्यांच्या वेळीही नाही. मी म्हणालो, "पट्टी आम्ही देऊ." मग बसलेल्या केकचे दोन मोठे तुकडे खाऊन घरी आलो. चव उत्तम होती, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

मी बेत केला. भोपळ्यांच्या मागे, कोपऱ्यात एक छोटं टेबल लावायचं, हाताने कार्ड लिहायचं 'वर्ग ९९', आणि परीक्षक बाईंना गुपचूप गाठून त्या केकवर एक नजर टाकायची विनंती करायची. लॉन्सेस्टनहून येणाऱ्या मिसेस पॅस्को स्वतःची सुरी मखमली पिशवीत घेऊन येतात आणि सख्ख्या बहिणीच्या मुरंब्यावरही कार्ड ठेवून मोकळ्या झालेल्या आहेत. त्यांना गाठायचं कसं, याचा विचार करून माझं तीन किलो वजन घटलं. नोएलीन म्हणाली, "सरळ सांगून टाक." मी म्हणालो, "कोणाला?" ती म्हणाली, "कोणालाही. सुरुवात तर कर."

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी क्लाइव्ह कुंपणावर होता. "आयव्हीचं काम करून टाकलं," तो म्हणाला. "बिचारी इतका सराव करतेय आणि ओव्हनचं दार नीट लागतच नाही. बोटभर फट. वर्षानुवर्षं तशीच असणार. मी दाराच्या कडेने फट बुजवणारा नवीन दोर बसवून दिला, आता वारासुद्धा आत जाणार नाही."

मी कुंपण धरलं. "क्लाइव्ह, तिला केक बसायला हवाय."

"कोणाला केक बसायला हवा असतो?" क्लाइव्ह म्हणाला.

मार्चचा पहिला शनिवार. दहाला मिसेस पॅस्को दालनात येणार होत्या आणि त्यानंतर परीक्षकांशिवाय कोणालाही आत थांबता येत नाही. पावणेदहाला आयव्हीबाई आल्या. चेहरा उतरलेला होता. भोपळ्यांच्या मागे त्यांनी डबा उघडला.

केक चार इंच उंच होता. सोनेरी आणि वरून इतका सपाट की गवंड्याने त्यावर आपली पाणसळ तपासून घ्यावी.

"घात झाला, डेस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मधेच दोनदा दार उघडून पाहिलं. फेटलाही कमीच. तरी मेला बसला नाही. आता याच्यावर ते कार्ड ठेवतील. मी घेऊन जाते घरी."

त्यांनी झाकण हातात घेतलं. पंधरा मिनिटं उरली होती. दालनाच्या दुसऱ्या टोकाला वर्ग बारा होता, साधा स्पंज. तिथे पाच केक होते आणि मधला थेल्माबाईंचा होता. गेली अकरा वर्षं त्या वर्गाची निळी फीत त्यांच्याच घरी जातेय. अर्ज केव्हाच बंद झाले होते. आणि मदत मागायची तर जगात एकच माणूस होतं.

"पाच मिनिटं थांबा," मी आयव्हीबाईंना म्हणालो आणि गेलो.

थेल्माबाईंना सगळं सांगितलं. नमुना यादी, तात्पुरता पत्ता, क्लाइव्ह, सरपण, ओव्हनचा दोर.

"तुम्हाला पुसायला सांगितलं होतं."

"हो."

"पुसलं नाहीत."

"नाही."

त्यांनी दालनापलीकडे पाहिलं. आयव्हीबाई डब्याला दोन्ही हात लावून उभ्या होत्या. मग थेल्माबाई आपल्या टेबलाकडे गेल्या, आपल्या केकपाशी क्षणभर थांबल्या आणि पिशवीतून एक जुनी वही काढली. "नियम एकतीस. चूक कमिटीतल्या माणसाची असेल, तर परीक्षक येण्याआधी वस्तू योग्य वर्गात हलवता येते. मात्र चूक कोणाची आणि काय, हे लाउडस्पीकरवरून जाहीर करावं लागतं."

"हा नियम आधी कोणी वापरलाय?"

"नाही. आजवर कोणी चूक कबूल केलेली नाही."

घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती. माझ्या डोळ्यांपुढे सात कांदे आले, मेव्हणा आला. मी कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि लाउडस्पीकरच्या खोलीत गेलो. लाउडस्पीकर अर्थातच क्लाइव्हकडे होता.

त्याने ते मेंढ्यांपासून पाळण्यांपर्यंत सगळ्या मैदानाला वाचून दाखवलं. "श्री. डेसमंड पर्टेल यांनी गंमत म्हणून रचलेला वर्ग नव्याण्णव अस्तित्वात नाही. त्यांच्या निष्काळजीपणामुळे मिसेस आयव्ही स्पॉल्डिंग यांचा केक चुकीच्या वर्गात आला असून तो वर्ग बारामध्ये हलवण्यात येत आहे." मग माइक चालूच असताना तो म्हणाला, "अरे, म्हणजे तो कागद मीच छापला होता की." मैदानभर हशा झाला. गुरांच्या कुंपणाकडून मेव्हण्याचा आवाज आला, "सात कांदे." मी दालनात परतलो तोवर थेल्माबाई आयव्हीबाईंचा केक स्वतःच्या हातांनी आपल्या केकशेजारी ठेवत होत्या. दहाला एक मिनिट होतं.

दोन तास आम्ही बाहेर उभे होतो. आयव्हीबाईंनी चहा घेतला नाही. थेल्माबाईंनी घेतला, पण प्यायला नाही. मी दोघींच्या मधे उभा होतो आणि तिथून हलायची माझी हिंमत नव्हती.

बाराला दार उघडलं. वर्ग बारा. सहा केक, प्रत्येकातून एक-एक पाचर कापलेली. निळी फीत आयव्हीबाईंच्या केकवर होती आणि शेजारी थेल्माबाईंच्या केकवर दुसऱ्या क्रमांकाची लाल.

आयव्हीबाईंनी आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे हे नव्हतंच," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. ते मेलं दार होतं."

थेल्माबाईंनी आपली लाल फीत सरळ केली. "अकरा वर्षं, आयव्ही, मी आधी या दारातून डोकावून बघत होते, तुझा केक आलाय का. नसायचा. मग मी जिंकायचे." त्यांनी नाक पुसलं. "कंटाळा आला होता."

मी हळूच निघत होतो. "डेसमंड," त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक पांढरं कार्ड काढलं आणि टाचणीने माझ्या कोटाला लावलं. "मैदान बंद होईपर्यंत काढायचं नाही."

'नियमपत्रिकेप्रमाणे नाही.' मी ते लावून दिवसभर फिरलो. डुकरं पाहिली, लाकूडतोडीची शर्यत पाहिली, मेव्हण्याला दोनदा भेटलो. खरं सांगतो, फारसं जड गेलं नाही.

निघताना आयव्हीबाईंनी मला गाडीपाशी गाठलं. निळी फीत कोटावर होती. "पण डेस, ते नव्याण्णव पुढच्या वर्षी ठेवा हं. मला आता चांगला केक कसा बसवायचा ते शिकायचंय."

मी तोंड उघडायच्या आत मागून थेल्माबाईंचा आवाज आला. "ठेवू. डब्यात कार्ड घातलंय मी. पट्टी कमिटीची असेल, आणि त्या वर्गात मीही आहे."